हत्तीण चढावर का थांबते

१९ जानेवारी

प्रिय मामा,

माझं सगळं बदललं ते गेल्या गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. तुझी हत्तीण अकरा वर्षांनी खोकली तेव्हा.

आधी खोकली, मग शिंकली, मग सायलेन्सरमधून उंदराचं अख्खं घरटं अंगणात फेकलं आणि काळ्या धुराचा एक लोळ सोडून धडधडायला लागली. आई भांडी टाकून बाहेर धावली. तुझी गाडी तुला न विचारता खोलली, हे चुकलं. रागवायचं असेल तर पत्रानं रागव. फोनवर तू नुसतं 'काय? काय?' करतोस. वीस वर्षं हिच्या इंजिनाशेजारी बसून कान घालवलेस, आता आम्ही लिहितो.

कॉलेज सोडल्याचं आईनं कळवलंच असेल. तिसऱ्या वर्षाच्या मधोमध. सरांनी फळ्यावर डिझेल इंजिन काढलं होतं. मी विचारलं, "सर, तुम्ही एक तरी हातानं खोललंय का?" त्यांनी वर्गाबाहेर काढलं, मी बाहेरच्या बाहेर घरी आलो. तेव्हापासून बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात. "त्याला सांग, पान वाढलंय." मी समोरच बसलेला असतो.

आता काम. टाकीतलं जुनं डिझेल डिंकासारखं झालं होतं, सगळं काढून टाकी तीनदा धुतली. टाकीचं झाकण गंजून हातातच आलं, तूर्त चिंधी बांधलीय. बॅटरी नवी. चारही चाकांचे ब्रेक धरून बसले होते, ते सोडवले. मागे चासीला तडा होता, तो रस्त्यापलीकडच्या शेडमधल्या वेल्डिंगवालीनं भरून दिला. तिनं आधी तडा जिथे संपतो तिथे एक बारीक भोक पाडलं. म्हणाली, "नाहीतर तडा वेल्डिंगच्या पुढे पळतो." अडीच वर्षांत कॉलेजात मला हे कोणी सांगितलं नव्हतं. वेल्डिंगवालीचा हात फार स्थिर आहे. वेल्डिंगवालीनं स्वतःहून सायलेन्सरचं भोकही बुजवलं. वेल्डिंगवाली म्हणते, चासी अजून वीस वर्षं जाईल.

बॉनेटच्या आतली तुझी यादी जशीच्या तशी आहे. पांढऱ्या रंगात, तारीख आणि काय बदललं ते. त्याखाली आता मी लिहायला लागलोय. एक एप्रिलच्या आत हिनं घाट चढायला हवा. कारण आहे. नंतर सांगतो.

तुझा भाचा


२७ जानेवारी

प्रिय भडक्या,

रागावलो नाही. तुझं पत्र मामीनं मला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं, मला दोन्ही वेळा ऐकू आलं नाही, मग मीच वाचलं.

कॉलेजबद्दल बोलणार नाही. ताईची चार पानं आलीत, तेवढी पुरे. फक्त एक सांगतो, सरांना जे विचारलंस ते तू स्वतः हत्तीण खोलायच्या आधी विचारलंस.

ब्रेक नुसते सोडवून भागत नाही. रबरी पाईप अकरा वर्षांत आतून फुगतात. बाहेरून शहाणे दिसतात आणि उतारावर दगा देतात. सगळे बदल. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिनांना ग्रीस दे, सकाळी एकदा आणि चालवल्यावर एकदा, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. क्लच अर्धा दाबून चढावर उभा राहू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे.

आणि यादीचा नियम नीट समजून घे. मी ती हौस म्हणून ठेवली नव्हती. गाडी नवं काही करायला लागली की मी यादी खालून वर वाचायचो. शेवटी बदललेल्यावर पहिला संशय. जे हत्तिणीला लागलं ते लिहिलंच पाहिजे, साधा खिळा असला तरी. न लिहिलेला भाग हा घरात लपलेला चोर असतो.

घाट कशासाठी?

मामा

ता. क. मी मामी. एका परिच्छेदात वेल्डिंगवाली चार वेळा आली. किती वर्षांची आहे ती?


१६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

चोवीस. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मामीला सांग, या प्रश्नाचा गाडीच्या दुरुस्तीशी काही संबंध नाही.

घाटाचं कारण तेच आहे म्हण. म्हणजे ती नाही, तिचं सामान. तिला घाटापलीकडे मोठ्या टाक्या बनवायचं काम मिळालंय, एक एप्रिलपासून. शेड हलवायचंय. तिचं मोठं वेल्डिंग मशीन दोघांना जागचं हलत नाही, शिवाय ड्रिलचं यंत्र आणि लोखंडी टेबल. मी म्हणालो, "मी नेतो." ती म्हणाली, "ह्या गाडीतून?" मी म्हणालो, "ह्याच गाडीतून." मग ती हसली. मामा, मला तिला पोचवायचंय आणि ती जायलाही नकोय. डोकं चालत नाही. पण हे तुला विचारत नाहीये. तुला गाडीचं विचारतोय.

जानेवारीच्या शेवटी हत्तीण पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ एका दमात गेली. तीनदा. मी बॉनेटवर हात फिरवला. आणि आठ फेब्रुवारीपासून सोंग चालू. चढाला लागलो की वीस-पंचवीस मिनिटांनी दम सुटतो, गॅस दिला तरी उचलत नाही, मग गप्प. अर्धा तास उभी ठेवली की काही झालंच नाही अशी सुरू होते. अंगणात दोन-दोन तास धडधडते, तेव्हा काही नाही. धूर नाही, आवाज नाही, इंजिन तापत नाही.

आणि सगळ्यात चक्रम गोष्ट. टाकी पूर्ण भरली की लवकर थांबते. अर्धी असली की उशिरा. डिझेल जास्त तर दम कमी! असं कुठे असतं का?

लवकर लिही.

तुझा भाचा


२२ फेब्रुवारी

प्रिय भडक्या,

इंजिनाला डिझेल पोचत नाही, एवढं नक्की. आता पाइपाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चालत जा. डिझेलचा फिल्टर बदल, खालच्या वाटीत पाणी साचलंय का बघ. हातपंप मारून बघ, कडक लागतो की पोकळ. टाकीतून येणाऱ्या नळीला कुठे बारीक चीर असेल तर ती हवा ओढते. सगळे जोड साबणाच्या पाण्यानं पूस आणि बुडबुडे शोध. टाकीतली जाळी काढून धू.

भरल्या टाकीचं तू म्हणतोस ते पटत नाही. तुझं वेळ मोजायचं चुकत असणार. रागात माणूस घड्याळ भलतंच वाचतो.

मामा

ता. क. मी मामी. जायला नको असलेल्या माणसाचं सामान न्यायची गाडी नेमकी चढावर बंद पडते. तूच तर काही करत नाहीस ना रे?


६ मार्च

मामा,

मामीला सांग, तिच्या प्रश्नावर मी तीन दिवस जेवलो नाही. म्हणजे रात्री जेवलो. पण दिवसभर तेच. मी मुद्दाम करतोय का? झोपेत उठून नळी पिळतोय का? नाही. देवाशपथ नाही. पण परवा चढावर हत्तीण गप्प झाली तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं, हे खरं आहे. आणि पुढच्याच क्षणी स्वतःचाच इतका राग आला की एकोणीसचा पाना भिरकावला. तो उजव्या दिव्यातून आरपार गेला. दिवा नवा बसवला, यादीत लिहिला. कारणाच्या जागी 'पाना' लिहिलं.

तू सांगितलेलं सगळं केलं. फिल्टर नवा. पाणी नाही. पंप काढून रबर बदललं. नळी टाकीपासून इंजिनापर्यंत अख्खी नवी. जाळी धुतली. साबणाच्या पाण्यात अंग भिजलं, बुडबुडा एक नाही. इंजिनात डिझेल फवारणारे नोझलही तपासून आणले. थांबते ती थांबतेच. घड्याळही बरोबर आहे. दोनदा वेल्डिंगवाली शेजारी बसून तिच्या घड्याळात बघत होती. भरलेली टाकी, बावीस मिनिटं. अर्धी टाकी, एकेचाळीस.

दुसऱ्यांदा थांबली तेव्हा आम्ही दोघं वळणावरच्या कठड्यावर बसलो. ती म्हणाली, "माझ्याकडे आता तीन आठवडे उरलेत. स्पष्ट सांग, होईल की नाही?" मी म्हणालो, "होईल." "कधी?" मी म्हणालो, "मी काय देव आहे का?" आवाज चढला माझा. ती उठली आणि चालत खाली गेली. पावणेदोन तासांची वाट, पायी. मी मागून जायला हवं होतं. पण गाडी टाकून कसा जाणार?

तू यादी खालून वर वाचायला सांगितली होतीस. ही घे, खालून वर: उजवा दिवा, नोझलचे वायसर, डिझेलची नळी, पंपाचं रबर, फिल्टर, ब्रेकचे पाईप, बॅटरी. बाकी एखादी किरकोळ गोष्ट आहे, ती दुरुस्ती नाही म्हणून लिहिलेली नाही.

आता तूही हात टेकलेस तर सांगून टाक.

भाचा


१२ मार्च

भडक्या,

हात टेकणार होतो. परवाच्या दुपारपर्यंत.

परवा मामीनं तेलाचा नवा डबा फोडला. घाईत एकाच कोपऱ्याला भोक पाडलं. डबा वाकडा केला, धार आली, मग अडखळली, मग गुडगुड करून बंद. मामी डब्याला शिव्या घालत होती. मी उठून डबा तिच्या हातून घेतला. दुसऱ्या कोपऱ्याला भोक पाडलं आणि धार सरळ लागली.

तेल बाहेर यायचं तर त्याच्या जागी हवा आत जायला हवी. हत्तिणीच्या टाकीतून पंप डिझेल ओढतो, तेवढी हवा वरून आत नाही गेली तर टाकी आतून पोकळी धरते आणि डिझेल सोडत नाही. उभी ठेवलीस की कुठून तरी हळूहळू हवा शिरते, गाडी परत सुरू. अंगणात ती डिझेल पिते कितीसं, म्हणून तिथे काही नाही. आणि भरलेल्या टाकीत वर हवेला जागाच थोडी, म्हणून पोकळी लवकर धरते. तुझं घड्याळ बरोबर होतं. मी तुला रागीट म्हणून खोटं ठरवलं. माफ कर.

जानेवारीत तू टाकीला चिंधी बांधली होतीस. चिंधीतून हवा जाते. अजून चिंधीच आहे का? की त्या जागी तुझी ती 'किरकोळ गोष्ट' आहे?

चढावर थांबली की टाकी उघड आणि कान दे. श्वास घेतल्यासारखा आवाज आला तर समज.

मामा

ता. क. मी मामी. किरकोळ गोष्ट दिली कोणी?


१८ मार्च

मामा, मामी,

श्वास घेतला. एवढा मोठा की मी दचकून मागे सरलो. झाकण उघडं ठेवून किल्ली फिरवली, लगेच सुरू. तोंडावर फडकं बांधून घाटाच्या माथ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. एकदाही नाही थांबली.

झाकण तिनं दिलं होतं. सात फेब्रुवारीला. चिंधी बघून म्हणाली, "हत्तिणीला असं फडकं बांधतात होय?" तिच्याकडे कुठल्याशा मोठ्या पाण्याच्या टाकीचं झाकण होतं, कुलूपवालं. तिनं ते कातून मापात आणलं, आतून रबराची चकती बसवली, वरून घासून आरशासारखं केलं आणि स्वतःच्या हातानं फिरवून बसवलं. कुठे थेंब गळायचा नाही असं. हवा जायलाही जागा ठेवली नाही. पाण्याच्या टाकीची सवय. बॉनेटमध्ये मी ते लिहिलं नाही. कसं लिहिणार? फिल्टर, रबर, पाईप यांच्या खाली? ती माझ्यासाठी गाडीची गोष्टच नव्हती. माझं सगळं बदललं ते इंजिन खोकलं तेव्हा नाही, मामा. ते झाकण बसलं तेव्हा. जानेवारीत तुला लिहिलं ते घाईचं होतं.

आता पुढचं ऐका आणि मला शिव्या द्या.

घाटावरून उतरलो तो थेट तिच्या शेडमध्ये. वाटेत डोक्यात एकच किडा वळवळत होता. तिला लोखंडातलं एवढं कळतं, तड्यापुढे भोक पाडायचं कळतं, मग झाकणाला भोक ठेवायचं कळलं नाही? म्हणजे तिनं मुद्दाम ठेवलं नाही. म्हणजे तिलाही जायचं नाही! मला हे इतकं खरं वाटलं की मी आत शिरताच ओरडलो, "तूच थांबवलीस ना गाडी? सांग ना, तूच ना?"

मला म्हणायचं होतं एक, तिनं ऐकलं दुसरं. मी ते झाकण तिच्यापुढे धरलं. तिनं ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "माझ्यामुळे? दीड महिना? आणि तुला वाटलं मी मुद्दाम?" मी म्हणालो, "तसं नाही." "मग कसं?" आता बोलायची वेळ होती. मी म्हणालो, "तसं नाही म्हणजे नाही!" आणि तिच्या लोखंडी टेबलावर हात आपटला. हात अजून सुजलेला आहे.

दुसऱ्या दिवशी शेडसमोर भाड्याचा टेम्पो लागला. तिनं आधीच ठरवला होता की माझ्यामुळे ठरवला, माहीत नाही. मोठं मशीन त्यात चढवलंच नाही, टेम्पोवाला म्हणाला स्प्रिंगचे पाटे बसतील. ती गेली. आईकडे निरोप ठेवून गेली: मशीन आणता आलं तर आण, नाहीतर कळव, मी दुसरी सोय बघते.

म्हणजे काय समजायचं मी? राग असता तर मशीन माझ्याकडे ठेवलं असतं का? राग नसता तर न भेटता गेली असती का? मामी, तू तरी सांग.

भाचा


२४ मार्च

प्रिय भाच्या,

आज मामाचं पत्र नाही. झाकणाला केसाएवढं भोक पाड, एवढंच म्हणतोय, आणि बसलाय खिडकीत. बाकीचं माझ्याकडून.

तुझा हा मामा आमच्या दारासमोर दीड वर्षं रोज गाडी बंद पाडायचा. हीच हत्तीण. मी पाण्याचा तांब्या घेऊन जायचे, तो बॉनेट उघडून उभा. मला वाटायचं, काय भंगार गाडी आहे बिचाऱ्याची. शेवटी माझ्या थोरल्या भावाला दया आली, त्यानं एक अख्खी दुपार घालून ती 'दुरुस्त' करून दिली. दुसऱ्या दिवशी हा दारासमोरून सरळ निघून गेला, थांबायला निमित्तच उरलं नाही! पुढच्या वळणापर्यंत मान मागे. मीच धावत जाऊन विचारलं, की बाबा रे, तुला नेमकं हवंय काय?

मी विचारलं म्हणून झालं. ती विचारणार नाही, कारण तू तिच्यावर ओरडून आला आहेस. तेव्हा मशीन ने, पण मशीन पोचवून 'येतो' म्हणून परत फिरू नकोस. गाडी तुझ्या वतीनं बोलणार नाही. तोंड उघड. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही, ती नाही म्हणू शकते, आणि तेव्हाही टेबलावर हात आपटायचा नाही. एवढं जमेल का?

मामी


२ एप्रिल

प्रिय मामी (आणि मामा),

मशीन पोचलं.

चढवायला चौघं लागले. त्यातले एक बाबा होते. मी बोलावलं नव्हतं. फळीवरून मशीन सरकवताना ते पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले, "डावीकडे, डावीकडे घे." चार महिन्यांनी. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही, नंतर बघू.

झाकणाला एक मिलिमीटरचं भोक पाडलं. बॉनेटमध्ये लिहिलं: सात फेब्रुवारी, टाकीचं झाकण, तिनं दिलेलं. माझ्या अक्षरात तेवढी एक ओळ तिरपी आली.

घाट साडेतीन तासांत पार. दुसऱ्या गिअरमध्ये, मामा, क्लचवर पाय न ठेवता. उतारावर ब्रेक शहाण्यासारखे वागले. एवढं वजन मागे असून हत्तीण एकदाही कुरकुरली नाही, आणि मी मात्र आत बसून वाक्यं पाठ करत होतो. कॉलेजात तोंडी परीक्षेलाही केली नव्हती.

तिचं नवं शेड लांबट आहे. पत्र्याचं छत, जमिनीवर टाकीचे गोल पत्रे रचलेले, सगळीकडे जळक्या लोखंडाचा वास. तिथल्या लोकांनी साखळीनं मशीन उतरवलं. ती म्हणाली, "बस, पाणी आणते." मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. उभ्या उभ्या सांगितलं. पाठ केलेलं एक वाक्य आठवलं नाही. म्हणालो, "त्या दिवशी मी ओरडलो ते तुझा दोष काढायला नाही. मला वाटलं तूही जायला तयार नाहीस, आणि मला त्याचा आनंद झाला होता. मला तू आवडतेस. गाडीचं सगळं मी त्याच्यासाठीच करत होतो."

तिनं हातमोज्याची शिवण चाचपली. मग म्हणाली, "हे सांगायला तीन महिने इंजिन खोललंस?"

"हो."

"माझं शेड तुझ्या अंगणापासून चाळीस पावलांवर होतं. आलास की हातात कायम काहीतरी. चासी भर, सायलेन्सर बघ, हे कात, ते वाकव. एकदाही नुसता आला नाहीस. मला कसं कळणार होतं, तुला वेल्डर हवाय की मी?"

मामी, मी मशीनकडे बघितलं. आजही हातात काहीतरी घेऊनच आलो होतो.

मी विचारलं, "मग आता?"

ती म्हणाली, "आता घाट ओलांडून साडेतीन तास आहेत. यायचं असेल तर ये. पण काही न घेता ये. काही पोचवायला नको, काही दुरुस्त करायला नको. तेव्हा मी विचार करेन."

"म्हणजे हो?"

"म्हणजे विचार करेन."

तीन महिने, घाट, मशीन, आणि विचार करेन? जिभेवर चार वाक्यं आली, चारही वाईट. याला हो म्हणायचं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. कळलं असेल तर तू लिही. तिनं चेहऱ्यावर काच ओढली, एका पत्र्याच्या कडेवर वाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दार उघडं असलं की उजेड रस्त्यावरच्यांच्या डोळ्यांवर जातो." ठिणग्या उडायला लागल्या. ती चारही वाक्यं मी गिळली, "येईन" म्हणालो, तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं.